कमलताई, सोमतीला सांगून आले

कमलताई,

तुमच्या गावी, हिवरखेडला, पुण्यानुमोदनाला आले होते, त्याला आता पाच आठवडे झाले. विहारासमोर मांडव होता. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून बायका सतरंजीवर बसल्या होत्या. तुमच्या भाचीनं, सुजातानं, मला बोलायला उभं केलं आणि मी चार वाक्यं बोलले. तुम्ही शिस्तीच्या होत्या, सेवाभावी होत्या, मेळघाटातल्या बाया तुम्हाला आई मानायच्या, असलं काहीबाही. बोलतानाच मला कळत होतं की हे कुठल्याही नर्सबाईच्या फोटोसमोर चाललं असतं. तुम्ही समोर असत्या तर चष्मा पदरानं पुसत म्हणाल्या असत्या, "हे कोनाचं भाषण वाचून राहिली वं?"

मांडवात जे बोलता येण्यासारखं नव्हतं, ते इथं लिहिते आहे. तुम्हालाच लिहिते आहे, कारण दुसऱ्या कोणाला ते अर्धंच कळेल.

आधी एक जुनी गोष्ट. मी पहिल्यांदा उपकेंद्रावर रुजू व्हायला आले तेव्हा अंजनगावहून माझे बाबा सोडायला आले होते. धारणीपर्यंत बस, तिथून पुढे दीड तास जीप. उन्हानं त्यांचा चेहरा काळवंडला होता. तुम्ही तांब्या पुढे केला आणि बाबा म्हणाले, "नको, आत्ताच प्यालो जीपस्टँडवर." जीपस्टँडवर ते काही प्यायले नव्हते. तुम्हाला कळलं, मलाही कळलं. तुम्ही तांब्या आत नेऊन ठेवला आणि त्यांना परतीची जीप किती वाजता मिळेल ते नीट समजावून सांगितलं. त्यानंतर इतकी वर्षं आपण एका ताटात जेवलो, एका खोलीत झोपलो, एकमेकींचे कपडे धुतले, पण त्या तांब्याबद्दल एक शब्द बोललो नाही. मी कितीदा तरी विषय काढायचं ठरवलं होतं. भाकरी थापताना तुमची पाठ माझ्याकडे असायची, तेव्हा वाटायचं आता बोलावं. नाही बोलले. ताई, बाबांचं चुकलं होतं, आणि मी तेव्हा गप्प बसले ते माझं चुकलं होतं.

मी तेवीस वर्षांची होते आणि मला वाटायचं की मला सगळं येतं. कॉलेजात पहिली आले होते ना. तुम्ही पहिल्या दिवशी मला फक्त बीपी मोजायला लावलं. मी बाई आली की लगेच पट्टा बांधायची. तुम्ही माझा हात धरून थांबवलं. "आधी बसू दे तिले. दोन कोस चालून आली हाय. पाच मिनिटं बसली का मंग बांध." ती पाच मिनिटं तुम्ही बाईशी बोलायच्या नाहीत, तिला बोलू द्यायच्या नाहीत. नुसत्या शेजारी बसायच्या. मला ते वेळ घालवणं वाटायचं.

रक्तवाढीच्या गोळ्यांचंही तसंच. बाया गोळ्या न्यायच्या आणि घरामागे टाकून द्यायच्या, कारण शौचाला काळं होतं आणि त्यांना भीती वाटायची. मी त्यांना लोहाबद्दल व्याख्यान द्यायची. तुम्ही एक गोळी सगळ्यांसमोर तोंडात टाकली, वर पाणी प्यालात आणि म्हणालात की उद्या मलाही काळं होईल, मी मेली का ते परवा येऊन पाहा. दोन दिवसांनी चार जणी खरोखर पाहायला आल्या होत्या.

आणि बाजार. तपासणीच्या दिवशी बाया येत नाहीत म्हणून मी चिडून बसले होते. तुम्ही विचारलं, त्या आठवडी बाजारात तर येतात ना? मग आपणच तिकडे जाऊ. ग्रामपंचायतीची एक बंद पडलेली खोली मागून घेतली, खिडक्यांना आपल्या दोघींच्या जुन्या साड्या लावल्या, आणि बाजाराच्या दिवशी तिथं तपासणी सुरू केली. पहिल्या वेळी तीन बायका आल्या. टमाट्यांच्या आणि सुक्या मासळीच्या पिशव्या दाराशी ठेवून त्या आत यायच्या. दिवाळीपर्यंत खोलीबाहेर बाक टाकावा लागला. आजही तपासणी तिथंच होते. नवे लोक येतात त्यांना वाटतं हे वरून आलेल्या आदेशानुसार चाललंय.

आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं ते मुंगीबाईवरून. मुंगीबाई म्हणजे गावातली जुनी सुईण, साठी उलटलेली, हातावर हिरवं गोंदण. तुम्ही तिला बाळंतपणाच्या खोलीत आणून बसवलं आणि माझा पारा चढला. ज्या बाईनं इतकी वर्षं घरी बाळंतपणं केली, जिच्यामुळे बाया आपल्याकडे उशिरा येतात, तिलाच आत घ्यायचं? तुम्ही म्हणालात, "तिचे हात मी धुऊन घेतले, नखं कापली. पोटाले हात नाई लावनार. डोक्यापाशी बसन. बाई घाबरली का तिच्या बोलीत बोलनारं कोनी पायजे न?" मी म्हणाले, मी कोरकू शिकते. तुम्ही म्हणालात, शीक, तोवर ही बसेल. आठ दिवस आपण कामापुरतं बोललो. ते भांडण मिटलं नाही, नुसतं थकून थांबलं. मला अजूनही वाटतं की मी अगदीच चूक नव्हते. मुंगीबाईच्या भरवशावर दोन दिवस घरी कळा देत राहिलेल्या बायका मी पाहिल्या होत्या. पण तुम्हाला कळवायचं राहिलं ते असं की मुंगीबाई गेल्यावर तिच्या सुनेला मीच बोलावून आणलं, आणि आता तीच बाईच्या डोक्यापाशी बसते. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही हसल्या असत्या, म्हणून सांगितलं नाही.

आता सोमतीचं.

माझं दुसरं वर्ष होतं. तुमच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून तुम्ही दहा दिवस सुट्टीवर गेल्या होत्या. मध्ये तपासणीचा दिवस आला आणि एकोणीस बायका आल्या. मी एकटी. पाऱ्याचं ते जुनं मशीन, त्याचा रबरी फुगा दाबला की कुठून तरी हवा निसटायची आणि पारा मध्येच खाली यायचा. बारा जणींचं कसंबसं मोजलं. तेराव्या बाईला फुगा हातातच उकलला. तिच्यासकट सात जणी उरल्या होत्या, ऊन डोक्यावर आलं होतं. मी त्या सातही जणींच्या नावापुढे एकशेदहा-सत्तर लिहिलं. कॉलेजात असताना मोठ्या दवाखान्यात मी हे कोणाला तरी करताना पाहिलं होतं. फार मोठं काही करते आहे असं तेव्हा वाटलं नाही, हे मला आज कबूल करायला हवं. उलट सगळ्या बायका परत पाठवाव्या लागल्या नाहीत याचं समाधान वाटलं.

त्या सातांत सोमती होती. वीस वर्षांची, पहिलटकरीण, सातवा संपत आलेला. डोकं दुखतं म्हणाली होती. मी गोळी दिली आणि पाणी जास्त पी म्हणून सांगितलं.

तपासणीनंतर सहाव्या दिवशी दुपारी तुम्ही परत आलात. पाय धुतले, चहा घेतला आणि सवयीनं रजिस्टर उघडलं. तुमचं बोट रकान्यावरून खाली उतरत एका जागी थांबलं. "सात बायाइचं एकच बीपी?" तुम्ही म्हणालात. "जुळ्या बहिनी हायेत का?"

मी फुगा फाटल्याचं सांगितलं. तुम्ही ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "मंग रकाना रिकामा ठेवायचा होता. रिकामा रकाना लोकाइले दिसते. भरलेला दिसत नाई."

मग तुम्ही पिशवीतून एक नवा रबरी फुगा काढला, अकोल्याच्या दुकानातून आणलेला, आणि मशीनला बसवला. तुमच्या पिशवीत नेमका फुगा कसा, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मला वाटलं, कमलताईंना सगळंच आधी कळतं. चपला घातल्या आणि आपण निघालो. प्रवासानंतर तुम्ही भाकरतुकडाही खाल्ला नव्हता.

पाच जणींचं ठीक निघालं. मला हायसं वाटायला लागलं होतं. वाटेत मी म्हणालेसुद्धा, पाहा ताई, काही झालेलं नाही. सहावं घर सोमतीचं. ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. सासू सांगत होती की तीन दिवस डोकं धरून बसली आहे, आज सकाळपासून नीट दिसत नाही म्हणते. पायांवर सूज होती, चेहराही सुजलेला. मी मागे सरकले. तुम्ही पट्टा माझ्या हातात दिला. "तू मोज."

एकशेसत्तर-एकशेदहा. दुसऱ्यांदा मोजलं, तेवढंच.

त्यानंतर जे झालं ते तुम्हाला माझ्याइतकंच माहीत होतं, तरी लिहिते, कारण आपण दोघी ते कधी सलग बोललो नाही. बाजेवर घालून तिला रस्त्यापर्यंत आणलं. जीपमध्ये ठेवता ठेवता तिला झटका आला. डोळे वर गेले, दात घट्ट बसले, सगळं अंग ताठ झालं. तिचा नवरा रस्त्यावरच खाली बसला. तुम्ही तिला कुशीवर वळवलं, तोंडाचा फेस पुसला, आणि मला मॅग्नेशियमचं इंजेक्शन भरायला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "थरथरू दे हात. मोजून भर." मी मोजून भरलं. तुम्ही टोचलं. धारणीपर्यंत तिचं डोकं तुमच्या मांडीवर होतं आणि तुम्ही तिचे श्वास मोजत होत्या, मोठ्यानं, एकेक. धारणीहून तिला अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. घाटाच्या वळणांवर मी सलाईनची बाटली धरून उभी होते.

सोमती वाचली. मुलगा झाला, ओंजळीत मावेल एवढा. काचेच्या पेटीत चार दिवस होता. पाचव्या दिवशी सकाळी गेला.

परत आल्यावर आधी सातव्या बाईचं मोजलं, ते ठीक निघालं; मग तुम्ही मला आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे नेलं. मी काय झालं ते सांगितलं. डॉक्टर भले होते, म्हणाले की मशीन नादुरुस्त होतं असं लिहा, प्रकरण मिटेल. तुम्ही म्हणालात की जे केलं तेच ती लिहील. मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं की मशीन त्या दिवशी बिघडलं आणि मी सात जणींचा रक्तदाब न मोजता आकडे भरले. मला लेखी ताकीद मिळाली. तुमच्यावर काही आलं नाही, तुम्ही तर सुट्टीवर होत्या. बाहेर आल्यावर मला वाटलं की आता संपलं. तुम्ही जीपची वाट पाहत उभ्या होत्या. माझ्याकडे न पाहता म्हणालात, "कागदाले सांगून झालं. आता तिले सांग."

तिथून आपला दुसरा वाद सुरू झाला, आणि तो तुम्ही जाईपर्यंत चालू होता. माझं म्हणणं एकच होतं. तिला सांगितलं तर सगळ्या वस्तीत होईल. नर्सबाई मोजत नाही, खोटं लिहिते, हे एकदा पसरलं की कोणी बाई बाजारातल्या खोलीत पाऊल टाकणार नाही. पुन्हा घरी बाळंतपणं, पुन्हा मरणं. एका बाईला खरं सांगून दहा जणींचा जीव घालवायचा का? हे मी इतक्यांदा बोलले की मला ते पाठ झालं होतं. तुम्ही एकदा म्हणालात, "तू बायाइसाठी भिऊन राहिली का सोतासाठी, हे एकदा ठरव." मी म्हणाले, दोन्हीसाठी. त्यावर तुम्ही विषय तिथंच सोडला. मला उगाच कमीपणा आणला नाहीत, याचं मला आजही बरं वाटतं.

सोमतीला पुन्हा दिवस गेले तेव्हा ती तिसऱ्याच महिन्यात आपण होऊन आली. माझ्यासमोर बसली आणि हात पुढे केला. तिची मुलगी आपल्या उपकेंद्रात झाली. तुम्ही बाळ घेतलंत, मी तिचा हात धरून होते. मुंगीबाई डोक्यापाशी. बाळ रडलं तेव्हा सोमती मुंगीबाईला म्हणाली की ह्या दोघींनी मला मरणातून परत आणलं. तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी गरम पाणी पाहायला आत गेले. तेव्हा सांगायला हवं होतं, की तेव्हाच सांगायला नको होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दरवर्षी एकदा तुम्ही विचारायच्या. निवृत्त होऊन सुजाताकडे अकोल्याला राहायला गेल्यावर फोनवर विचारायच्या. पाऊसपाणी, बदल्या, नवीन गोळ्या आल्या का, रुग्णवाहिका वेळेवर येते का, आणि शेवटी, "सांगतलं का तिले?" मी म्हणायची, नाही. तुम्ही म्हणायच्या, बरं, ठेवते.

मार्चच्या शेवटी मी अकोल्याला आले तेव्हा तुमच्या किडन्या जवळजवळ थांबल्या होत्या. मागच्या खोलीत कूलर लावला होता आणि तुम्ही बाजेवर पाय पसरून बसल्या होत्या. मला पाहताच स्वतःच्या पायावर अंगठा दाबून दाखवलात. "पाय, केवढा खड्डा पडला. हे सातव्या महिन्यातलं असतं त मी मले कवाचीच अमरावतीले पाठवलं असतं." आपण दोघी हसलो. सुजाता दारात उभी होती, तिला हसू आलं नाही.

ती चहा करायला गेली आणि तुम्ही लगेच बोललात. जणू ती जाण्याचीच वाट पाहत होत्या.

"तो फुगा मी सुट्टीवर जायच्या आधीच फाटका होता. चिकटपट्टी लावून ठुली होती मी. सामानाच्या यादीत 'चालू' लिवलं. नादुरुस्त लिवलं असतं त मशीन बदलाले धारनीले जा लागलं असतं. सुट्टी हुकली असती."

मला आधी कळलंच नाही. मग अकोल्याच्या दुकानातला तो फुगा आठवला. तुम्ही सुट्टीत आठवणीनं तो विकत घेतला होता, म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी लिहिलं होतं की मशीन त्या दिवशी बिघडलं, आणि तुम्ही ते तसंच राहू दिलं होतं.

ताई, मला तुमचा राग आला. आजारी माणसावर रागावू नये हे मला कळत होतं, तरी आला. चौदा वर्षं तुम्ही मला विचारत होत्या, सांगितलं का, सांगितलं का. मी उठून स्वयंपाकघरात गेले. सुजाता चहा गाळत होती, तिनं विचारलं काय झालं. मी पाणी प्याले आणि परत आले.

तुम्ही म्हणालात, "राग आला न? येऊ दे. माह्यापेक्षा तू खरं लिवलं. मी तुले 'सांग सांग' म्हनो, अन् माह्या वाटचं माह्यानं सांगनं झालं नाई."

मी म्हणाले, तुम्ही बऱ्या झाल्या की दोघी जाऊ. नर्सनं नर्सला असं बोलू नये. तुम्ही नकाराची मान हलवली. "तूच जाजो. माह्याही वाटचं सांगजो."

तीन आठवड्यांनी सुजाताचा फोन आला.

पुण्यानुमोदनाहून परतल्यावर चौथ्या दिवशी मी सोमतीकडे गेले. सकाळची वेळ होती. अंगणात मोह वाळत घातला होता आणि ती उकिडवी बसून हातानं फुलं परतत होती. मुलगी शाळेत गेलेली. तिनं पाट दिला, मी जमिनीवरच बसले. तुम्ही गेल्याचं तिला माहीत होतं. मग मी सगळं सांगितलं. सात जणींचं, एकशेदहा-सत्तरचं, गोळी देऊन पाठवल्याचं. तुमचंही सांगितलं, फुग्याचं. तिच्या मनात जीपमधली तुमची मांडी होती, ती मला तिथून काढायची नव्हती. पण तुम्ही सांगायला लावलं होतं.

सोमतीचा हात मोहावर फिरत राहिला. मी बोलायची थांबले तरी फिरत राहिला. मग तिनं विचारलं, "त्या दिवशी नापलं असतं त बचला असता का?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर तयार करत होते. ऐनवेळी त्यातलं काही उपयोगाचं वाटलं नाही. मी म्हणाले, नक्की माहीत नाही. पण बहुतेक वाचला असता.

तिनं मान खाली घातली. मग म्हणाली, "बुधवारी झाला होता. मी त्याचं नाव बुधराम ठुलं होतं. कोनी पुसलं नाई."

मी नाही विचारलं, ताई. तुम्हीही नाही. आपण कार्डावर मूल मृत एवढं लिहिलं आणि पुढच्या बाळंतपणाच्या तयारीला लागलो. अमरावतीत चार दिवस त्या पोराचा श्वास काचेतून बघत उभ्या राहिलो आणि त्याच्या आईला विचारलं नाही की त्याला हाक काय मारतेस.

ती रडली नाही, माझ्यावर ओरडली नाही. चहाही विचारला नाही. नेहमी विचारते. म्हणाली, "आता जा बाई." मी निघाले. फाटकापाशी वळून पाहिलं तर ती तशीच मोह परतत होती.

पुढचा तपासणीचा दिवस येईपर्यंत मी धास्तीत होते. चौदा वर्षं जो मुद्दा तुमच्यासमोर मांडत होते, तो आता खरा ठरणार असं वाटत होतं. बाजाराच्या दिवशी खोली उघडली, टेबल पुसलं, मशीन लावलं. साडेदहापर्यंत कोणी नाही. मग सोमती आली. बरोबर तिची धाकटी जाऊ होती, पाचवा महिना लागलेली. सोमतीनं तिला बाकावर बसवलं आणि स्वतः माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी पाच मिनिटं थांबले. मग पट्टा बांधला, मोजलं.

"किती?" सोमतीनं विचारलं.

मी सांगितलं.

"दिखाव."

मी पुन्हा पट्टा बांधला. पारा कुठून खाली येतो, ठोका कुठं ऐकू येतो, कुठं थांबतो, ते तिला दाखवलं. कानात नळ्या घालायला दिल्या. तिनं डोळे बारीक करून ऐकलं आणि नळ्या परत दिल्या. "हां. लिव आता."

मी लिहिलं. ती रकान्यात आकडा उतरेपर्यंत पाहत होती.

तिनं वस्तीत काय सांगितलं, किती सांगितलं, हे मला माहीत नाही. पण त्या दिवशी तिच्यामागून आलेल्या बाईनंही विचारलं, माझं किती? नंतर तिच्या मागचीनं. आता सगळ्याच विचारतात. मागच्या वेळचा आकडा लक्षात ठेवून येतात आणि जास्त आला तर का म्हणून भांडतात. प्रत्येकीला दाखवावं लागतं, समजावून सांगावं लागतं. बारापर्यंत उरकायचं काम तीन वाजले तरी चालतं, आणि बाजारातली भाजी संपली म्हणून बायका माझ्यावर करवादतात. सोमती माझ्याशी पहिल्यासारखं बोलत नाही. पुढे बोलेल की नाही, सांगता येत नाही. तपासणीच्या दिवशी मात्र येते, कधी जावेबरोबर, कधी शेजारणीबरोबर, आणि उभी राहते.

काल एक नवीन पोरगी आली होती, एकोणीस वर्षांची, लाजरी. तिनं आकडा विचारला आणि कार्ड हातात असूनही माझ्याकडे पेन मागितलं. मी म्हणाले, कार्डावर लिहिलेलं आहे. ती म्हणाली, नवऱ्याला आकडे येतात, पण कार्डावरच्या गर्दीत बीपीचा कुठला ते कळत नाही. तिनं तो आकडा डाव्या तळहातावर मोठा लिहिला. बाहेर पडताना शाई पुसू नये म्हणून तो हात उघडाच ठेवला आणि दुसऱ्या हातानं पिशवी उचलली.